पाळकीणबाईंचा रकाना

नाशिक,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय छाया,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं कोणाचं ते. मनीषा म्हणाली, "आई, हल्ली कोण पत्र लिहितं?" मी म्हटलं, जिला फोनवर विचारायचा संकोच वाटतो ती. चेष्टा केली गं. मेसेज चार ठिकाणी फिरतो, पत्र फिरत नाही, असं तूच लिहिलं आहेस. म्हणून मीही कागदच घेतला.

मी बरी आहे. जीवन गेल्यावर हरसूलचं पाळकाचं घर सोडलं, त्याला आता तीन वर्षं झाली. लेकीकडे असते. गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. हरसूलच्या बायका अजून बाजाराच्या दिवशी कोणाच्या तरी हाती नागलीचं पीठ पाठवतात. जीवनबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, त्या वाचल्या.

तर ललितभाऊंनी आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकपदासाठी अर्ज केला आहे म्हणायचा! आणि मंडळी आतून कशी आहे ते मी तुला मनापासून सांगावं, असं तू म्हणतेस. बरं केलंस. मंडळी पाळकाला पारखून घेते, मग पाळकाच्या घराने मंडळीला का पारखू नये?

तुझे तिन्ही प्रश्न घेते. माणसं कशी आहेत? पाळकाच्या घरावर फार जीव. त्या घरात काय हवं, काय नको, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. घर कसं आहे? चार खोल्या, चर्चच्या आवारातच, भिंतीला भिंत लागून. पाणी दोन्ही वेळ. आधीचे पाळक का गेले? त्यांना गुजरातेतून बोलावणं आलं.

मी आपली तिसऱ्या बाकावर बसणारी बाई, मला याहून जास्त काय माहीत असणार? पण तुम्ही यावं असं मला फार वाटतं. आपले नवरे सेमिनरीत पाळकपण शिकत होते तेव्हा शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलो, एका तव्यावर भाकऱ्या केल्या. ते दिवस मी विसरलेली नाही.

तुझी,
मोहिनी


नाशिक,
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय छाया,

सप्रेम सलाम.

तुझं दुसरं पत्र मिळालं. काळजी करू नकोस. १४ तारखेच्या रविवारी तुमच्या कळवणच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेले ते चार पाहुणे आमच्या निवड समितीचेच होते. उमेदवाराला न कळवता त्याचा उपदेश ऐकून यायचा, ही आमची जुनी रीत. आणि ते गुपित प्रत्येक वेळी फुटतं, हीही रीतच.

आमच्या केरूभाऊंनी आल्यावर सांगितलं आणि मी पोट धरून हसले. नवीन पाहुण्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी, असं तुमच्याकडे म्हणतात हे यांच्या ध्यानातच आलं नाही. केरूभाऊ उठले आणि म्हणाले, "आम्ही कांद्याच्या भावाची चौकशी करायला आलो होतो." तर पुढच्या बाकावरच्या म्हातारबाबांनी वळून विचारलं, "भाऊ, आज रविवार. मार्केट तं बंद शे." चर्चचा वडील म्हणून निवडलेला माणूस, देवाच्या घरात उभा राहून खोटं बोलला आणि तेही धड जमलं नाही! "बाई, मला दरदरून घाम फुटला," म्हणाले.

उपदेश आवडला त्यांना. नंतर तू चहाला बोलावलंस, तोही आवडला. तुला वाटलं असेल चहाच प्यायले. तसं नसतं गं. केरूभाऊंनी तुझी मोरी पाहिली. दुसऱ्याने पुस्तकांच्या कपाटावरून बोट फिरवलं. तिसऱ्याने, तू पेटी वाजवतेस का, हे मुद्दाम दोनदा विचारलं. आमच्या निवडीच्या कागदावर पाळकासाठी सात रकाने आहेत आणि आठवा पाळकीणबाईंचा. पगार एकाला, पण पारख दोघांची. हे तुला मी सांगायला हवं असं नाही.

तू विचारतेस, आमच्याबद्दल गोपनीय पत्र कोणाकडून मागवतात? उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन माणसांकडून मागवतात. ती पत्रं समितीच्या सेक्रेटरीकडे येतात आणि कपाटात राहतात. कोणी काय लिहिलं हे उमेदवाराला कधीच कळत नाही. इतकी वर्षं पाळकाच्या घरात काढल्यावर तुला हे माहीत असेलच. तरी विचारलंस, म्हणून सांगितलं.

तू लिहिलं आहेस की हल्ली झोप नीट लागत नाही. जप. बोलावणं आलं तर उशीर लावू नका, लगेच होकार कळवा. दुसरा उमेदवार पुण्याचा आहे.

तुझी,
मोहिनी


नाशिक,
१५ डिसेंबर २०२५

छाया,

सलाम.

अभिनंदन. ललितभाऊंचा होकार आला. कळवणच्या मंडळीने त्यांचा राजीनामा मंजूर केला, तिथे नवीन माणूसही नेमला, आणि तुमचं सामान बांधून झालं, हे सगळं कळलं. आता मागे फिरायला दार नाही. म्हणून आता लिहिते.

निवड समितीची सेक्रेटरी मी आहे. जानेवारीपासून. तिसऱ्या बाकावर बसते हे खोटं नव्हतं, फक्त कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असते. जागा रिकामी असल्याची सूचना कळवणला कोणी पाठवली, असा प्रश्न तुला कधी पडला नाही?

काम हाती घेतलं तेव्हा कपाट झाडायला काढलं. तळाशी २०११ची फाइल होती. त्या वर्षी याच मंडळीने जीवनला उमेदवार म्हणून बोलावलं होतं. आम्ही हरसूलहून आलो, जीवननी इथे उभं राहून सव्वीस मिनिटं उपदेश केला, बायका रडल्या, चर्चच्या वडीलमंडळींनी हात हातात घेतले. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं कार्ड आलं, आपली निवड झाली नाही. कारण लिहिलं नव्हतं.

फाइलमध्ये एक पाकीट होतं, वर 'गोपनीय'. सही ललितभाऊंची. पण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सेमिनरीतसुद्धा त्यांचे निबंध तूच लिहून द्यायचीस. हे पत्रही तूच लिहिलं होतंस. तुझा तो वळणदार 'ळ' मी कुठेही ओळखेन. 'जीवन गुणी आहेत, परंतु पाळकीणबाईंची मनःस्थिती सेवेला साजेशी नाही. त्या मनाच्या डॉक्टरांकडून औषध घेतात.'

माझं दुसरं बाळ पोटातच गेलं होतं, छाया. मी चार महिने घरात कोणाशी बोलत नव्हते. गंगापूर रोडच्या त्या डॉक्टरांकडे मला तूच घेऊन जायचीस. बाहेरच्या बाकावर माझी पर्स मांडीवर धरून बसायचीस. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती, मी, जीवन आणि तू. ललितभाऊंना ती तूच सांगितलीस, आणि त्यांच्या सहीवर तूच लिहिलीस.

तू खोटं लिहिलं नाहीस, तेच मला सोसवत नाही. खोटं असतं तर भांडले असते.

मला जागा गेल्याचं दुःख नाही. हरसूल वाईट नव्हतं. पण जीवनना वाटलं की त्यांचा उपदेश पडला. अकरा वर्षं त्यांनी त्या उपदेशाच्या टिपणाचे कागद जपले. संध्याकाळी घड्याळ लावून मला चुलीपाशी वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "मोहिनी, इथे कंटाळले असतील का गं ते?" पुढे पुढे त्यांनी मोकळं बोलणंच सोडलं, कागदावरून वाचायला लागले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात, दोन शब्द बोलले तरी धाप लागायची, तेव्हासुद्धा म्हणाले, "तो उपदेश लांबला होता का?" मी नाही म्हटलं. कारण मलाही माहीत नव्हतं.

ते माझ्यामुळे नाकारले गेले आणि त्यांना ते कळलंच नाही. कळलं असतं तर हसले असते आणि म्हणाले असते, एवढंच ना! तेवढं हसू तू माझ्याकडून नेलंस.

रविवारच्या प्रार्थनेत, आम्हीही इतरांना क्षमा केली आहे, हे वाक्य येतं तेव्हा मी ओठ मिटून घेते. बाजूच्या बाईला वाटतं, माझा खोकला वाढला.

आता तुझ्या तीन प्रश्नांची राहिलेली उत्तरं. पाळकाच्या घराकडे सगळ्यांचं लक्ष असतं म्हणजे दोरीवर कोणते कपडे वाळतात हे बाकाबाकावर बोललं जातं. भिंतीला भिंत म्हणजे वेस्ट्रीचं, चर्चच्या त्या मागच्या खोलीचं, दार तुझ्या स्वयंपाकघरात उघडतं, आणि त्या दाराला तुझ्या बाजूने कडी नाही. आधीच्या पाळकांना गुजरातेतून बोलावणं आलं हे खरं, पण ते त्यांनी हात जोडून मागवलं होतं, एकोणीस महिन्यांत. सात वर्षांतले ते तिसरे. मी तुला एक शब्द खोटा लिहिलेला नाही. ही पद्धत मी तुझ्याकडूनच शिकले.

आणखी एक. तुमच्याबद्दल आलेल्या दोन गोपनीय पत्रांपैकी एकात कळवणच्या माणसाने लिहिलं आहे की पाळकीणबाई दोन वर्षांपासून गोळ्यांवर आहेत, रविवारीसुद्धा घराबाहेर पडत नाहीत, पाहुणे आले त्या रविवारी फक्त चहापुरत्या समोर आल्या होत्या. हे पत्र मी समितीपुढे ठेवलंच नाही. आठव्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'उत्तम' लिहिलं. दया म्हणून नाही. ते पत्र वाचलं गेलं असतं तर तुम्हाला बोलावणं आलं नसतं, आणि मला तू इथे हवी होतीस.

तुझ्या गोळ्यांबद्दल मी कोणाला सांगणार नाही. वेळेवर घे. इथल्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर मला सांग, तुझी पर्स धरून बाहेरच्या बाकावर मी बसेन. मनात राग ठेवूनही बसेन.

पण ४ जानेवारीला तुमच्या स्वागताचा रविवार आहे. आमच्याकडे त्या दिवशी नव्या पाळकीणबाईंना दोन शब्द बोलायला उभं करतात. कार्यक्रम मी आखला आहे, तुझं नाव घातलं आहे. २०११ च्या समितीतले तिघे अजून पहिल्या बाकावर बसतात, केरूभाऊ त्यातलेच. त्यांच्याकडे बघून सांग की जीवन शिरसाठांच्या उपदेशात काही कमी नव्हतं, आणि त्यांना का नाकारलं गेलं. माझं नाव घेतलंस तरी चालेल. मला आता लाज वाटत नाही.

बरं वाटत नाही म्हणून घरात बसलीस, किंवा उठून नुसते आभार मानलेस, तर आभारप्रदर्शन सेक्रेटरीचं असतं. तेव्हा २०११ चं पत्र मी वाचेन. तुझं अक्षर फार सुरेख आहे छाया, वाचताना मी कुठेही अडखळणार नाही.

मोहिनी जीवन शिरसाठ,
सेक्रेटरी, पाळक निवड समिती