पाण्याला आग म्हणणारी माणसं

माय, तुझ्या उजव्या मनगटाबद्दल लिहायचं आहे, पण तिथपर्यंत यायला मला वेळ लागेल. तू म्हणायचीसच, या पोरीला सांगायचं असतं एक आणि सुरुवात करते विहिरीपासून. तर तसंच समज. तू गेलीस त्याला आता बारा वर्षं होत आली. मी अजून दोह्यातच आहे, त्याच हॉस्पिटलात, वॉर्ड असिस्टंट म्हणून. म्हणजे पेशंटना पुसायचं, कुशीवर वळवायचं, भरवायचं, चादरी बदलायच्या. मराठीत लिहितेय, कारण आपल्या बोलीला लिपी नाही आणि पोर्तुगीज लिहिता येण्याइतकं मला कधी आलं नाही. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. तरी कुणाला तरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय ही गोष्ट कळणारं माणूस मला दिसत नाही.

या उन्हाळ्यात वॉर्डात एक मोझांबिकचा माणूस आला. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामाचं काम चाललं होतं, तिथल्या परांचीवरून पडलेला. माझ्याच वयाचा असेल, चाळिशी उलटलेला. पाठीचा कणा मोडला होता, कमरेखालचं काही हलत नव्हतं, उजवा हात प्लास्टरमध्ये आणि मानेला कडक पट्टा. दोन दिवस कुणाला त्याचं काही कळेना. हिंदी येत नाही, अरबी येत नाही, इंग्रजी म्हणशील तर यस आणि नो. मी शेजारच्या खाटेची चादर ओढत होते आणि तो छताकडे बघत काहीतरी पुटपुटत होता. माझे हात थांबले. मी जाऊन पाण्याचा पेला आणला, नळी त्याच्या ओठांना लावली. सिस्टर इन्चार्ज केरळची आहे, कडक बाई, ती म्हणाली, "तुमको कैसे पता चला?" मी काय सांगणार? आमच्या घरी पाण्याला आग म्हणतात आणि या माणसाचा 'आग्वा' हा पोर्तुगीज शब्द त्याचाच मोठा भाऊ आहे, हे तिला समजावण्यात दुपार गेली असती. मी म्हटलं, "ओठ सुकले होते, सिस्टर."

तुला आठवतं, या एका शब्दावरून मला हायस्कुलात किती छळलं होतं? कोर्लईच्या शाळेत सगळी आपलीच पोरं, तिथे काही वाटायचं नाही. पण आठवीला मी रेवदंड्याला गेले आणि पहिल्याच आठवड्यात हापशावर माझ्या तोंडून शब्द सुटला. त्यानंतर तीन वर्षं माझं नाव 'आग पिणारी'. तहान लागली की हिच्या घरी काडी ओढतात, असं म्हणून मुली हसायच्या. पोर्तुगीज गेले, किल्ला ओस पडला आणि त्यांची बोली मोडून-तोडून आपल्या चुलीपाशी येऊन राहिली, याचा वाड्यातल्या म्हाताऱ्यांना केवढा अभिमान. मला मात्र ती घरी ठेवून यायची वस्तू वाटायची. खाडीवरचा पूल ओलांडला की मी मराठी, आणि तीही अशी की मास्तरांनी शाबासकी द्यावी.

पण इथे नोकरीचा फॉर्म भरताना भाषांच्या रकान्यात मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि चौथी पोर्तुगीज लिहिली. फोनवर तुला सांगितलं तर तू किती हसलीस! "अगो, आपलं बोलणं कुठल्या सरकारचं नाय," तू म्हणालीस, "पण लिव्ह. खोटं नाय ते." मी लिहिलं ते नुसती भर म्हणून. चार भाषा दिसायला बऱ्या दिसतात.

तर त्या माणसाशी मी बोलायला लागले. तुझ्या स्वयंपाकघरातले शब्द होते माझ्याकडे: हात, पाय, घर, मासळी, मीठ, दुखतं, ये, बस, जेव. तो माझं बोलणं ऐकायचा आणि डोळे मिटून हसायचा. त्याच्या गावीही पोर्तुगीज शाळेतलीच, घरी वेगळीच काहीतरी. तो म्हणाला, तुझं बोलणं ऐकलं की वाटतं, कुणीतरी फार जुनी म्हातारी बोलतेय आणि तिचे अर्धे दात पडलेत. मला राग यायला हवा होता. पण मी चमचा हातात धरून हसत बसले. माय, वॉर्डात असं मी कधीच हसले नव्हते.

त्याला इंग्रजी शिकायचं होतं. मला वाटलं वेळ जात नसेल. मग दुपारी जेवण भरवताना आम्ही सुरू केलं. गुड मॉर्निंग, वॉटर, पेन, पिलो. मग लोक खरोखर बोलतात ते. मीही तसंच शिकले होते, सिस्टरांच्या तोंडचं उचलून. हाऊ आर यू म्हटलं की फाइन, थँक यू. कुणी सॉरी म्हणालं की नो वरीज. काही सांगितलं की नो प्रॉब्लेम. समोरचा चिडला की टेक युअर टाइम. तो फिजिओथेरपीचा गोरा मुलगा रोज खाटेशी येऊन म्हणायचा, "हँग इन देअर!" याने मला विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, धीर धर, सोडू नकोस, शब्दशः म्हणशील तर लटकत राहा. तो म्हणाला, लटकतच तर होतो. आणि 'कीप युअर चिन अप' सांगितलं तेव्हा त्याने डाव्या हाताने गळ्याचा पट्टा दाखवला. हनुवटी वरच आहे, खाली करायची सोय कुठे आहे?

त्याला इंग्रजी कशाला हवं होतं ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. परांचीवर चढताना कमरेला बांधायचा पट्टा त्याला दिला होता, पण त्या पट्ट्याला हूकच नव्हता. त्याने फोरमनला दाखवला. फोरमन म्हणाला, यल्ला यल्ला, चल चल, आज एवढं करून टाक. आता कंपनीचा माणूस कागद घेऊन येणार होता आणि त्यात लिहिलं होतं की पट्टा कामगाराने स्वतःहून सोडला. हे त्याला त्याच्या लेबर कॅम्पातल्या सोबत्याने खाणाखुणांनी सांगितलेलं. त्या कागदावर सही झाली की दोष त्याचा. मग इथला उपचार खलास, विमानात घालून परत. त्याच्या गावापासून हॉस्पिटल एक दिवसाच्या वाटेवर, तिथे पाठ कोण बघणार? त्याला एवढंच इंग्रजीत म्हणायचं होतं. "देअर वॉज नो हूक. फोरमन टोल्ड मी टू गो अप." आम्ही ती दोन वाक्यं किती घोटली! तो भात गिळता गिळता म्हणायचा. मी चादर बदलत असताना म्हणायचा. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी असेन ना तिथे. ते मी आपल्या बोलीत म्हटलं, माय. त्याला ते नीट कळलं.

कंपनीचा माणूस आला तो सोमवारी सकाळी, औषधांच्या फेरीनंतर. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, हातात फाइल. आपल्याकडचाच असावा, हिंदी छान बोलत होता. त्याने उभ्या उभ्याच कागद वाचला, बस चुकणार असल्यासारखा. मग विचारलं, "ऑल फाइन? यू अंडरस्टँड?" आणि माझ्या विद्यार्थ्याने घाईघाईत म्हटलं, "फाइन, थँक यू." म्हणताक्षणी त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "नो, नो. फोरमन. फोरमन टोल्ड..." आणि पुढचं सुचेना. घाम फुटला होता त्याला. तो माणूस म्हणाला, "यस यस, फोरमनने भी यही बताया है." तेव्हा मला कळलं की मी त्याला काय शिकवलं होतं. फाइन, नो प्रॉब्लेम, नो वरीज. सगळे होकार. आपण इथे येऊन शिकतो तेच मुळी समोरच्याला त्रास न होण्याचं इंग्रजी. अडवायचं कसं, थांबा कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही त्याला शिकवलं नाही.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "इसको आता है. फॉर्म में पोर्तुगीज लिखा है इसने." कडक बाई, पण त्या दिवशी तिने तिचं काम केलं. तो माणूस माझ्याकडे वळला. त्याने आधी माझ्या छातीवरचं कार्ड वाचलं, सावकाश, आणि मग हसून विचारलं, "अच्छा, आप बोलती हैं इनकी भाषा?" माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. वॉर्डातल्या दोघींचं रिन्यू झालं नव्हतं. पेशंटच्या कंपनीच्या भानगडीत पडू नका, असं आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलेलं असतं. पण हे सगळं मी नंतर जुळवलं, अल थुमामाला, माझ्या खोलीवर परतताना बसमध्ये. त्या क्षणी मी काही हिशेब केला नव्हता. नुसतं तोंडातून निघून गेलं. "नो सर. मुझे पोर्तुगीज नहीं आती." सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. मी अजून एक वाक्य जोडलं, कुणी न विचारता. "फॉर्म में ऐसे ही लिखा था."

खाटेवरच्याला हिंदी येत नव्हती. पण 'पोर्तुगीज' आणि 'नो' कळायला हिंदी लागत नाही. त्याचं डोकं वळत नव्हतं, नुसते डोळे माझ्याकडे वळले. मी शेजारच्या सलाइनच्या बाटलीकडे बघितलं, ती अर्धी भरलेली होती, तिच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं. कंपनीच्या माणसाने शाईचं पॅड उघडलं, त्याचा डावा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला. त्याने हात ओढून घेतला नाही. शाई पुसायला मला बोलावलं, ते माझंच काम. मी ओल्या कापसाने त्याचा अंगठा पुसत होते. निदान 'सॉरी' म्हणावं म्हणून मी हळूच म्हटलं, इंग्रजीतच म्हटलं. तो छताकडे बघत म्हणाला, "नो वरीज." उच्चार अगदी मी शिकवला तसा.

आठवड्याने त्याला नेलं. माझी सुट्टी होती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक ड्रायव्हर होता. माझं काँट्रॅक्ट रिन्यू झालं. सिस्टर मला काही बोलली नाही, पण आता मला काही सांगायचं असलं की ती दुसऱ्या कुणाकडून सांगते. मी एचआरच्या काउंटरवर जाऊन फॉर्ममधली चौथी भाषा काढायला सांगितली. तिथली मुलगी म्हणाली, "व्हाय, मॅम? इट्स अ प्लस पॉइंट." मी म्हटलं, विसरले मी ती.

आता तुझं मनगट. मी नववीत होते. तू रेवदंड्याच्या बाजारात वालाच्या शेंगा आणि मुळे घेऊन आली होतीस आणि मासळीच्या ओट्याशी घसरून हातावर पडलीस. दुखण्याने तुला मराठी सुचेना, सुचली ती आपली बोली. तू तशीच, डोक्यावर टोपली, शाळेच्या कुंपणापाशी आलीस आणि मला हाका मारल्यास. मधली सुट्टी होती. टोपली घरी न्यायला आणि तुला दवाखान्यात न्यायला तुला मी हवी होते. मग तू एकटीच चालत गेलीस, पूल ओलांडून, एका हाताने टोपली सावरत. संध्याकाळी हाडवैद्याकडे गेलो तोवर हात सुजून टम्म झाला होता. तो वाकडाच बसला. त्यानंतर तू मरेपर्यंत त्या वाकड्या हाताने भाकऱ्या थापल्यास आणि त्या एका बाजूने जाड व्हायच्या. कुणी विचारलं की तू सांगायचीस, पोरीला काय ऐकू येणार, शाळेत गोंगाट किती असतो. तू ते इतक्यांदा सांगितलंस की तेच खरं ठरलं. मी कानांवर हात ठेवून मोकळी झाले.

हे पत्र लिहून झालं की मी ते युनिफॉर्मच्या कप्प्यात ठेवणार आहे, पाठवणार कुठे? त्या माणसाचाही पत्ता माझ्याकडे नाही, मी मागितलाच नाही. त्याला काय लिहावं ते मला अजून सुचत नाही. तुला मात्र सांगू शकते. त्या दुपारी गोंगाट नव्हता, माय. मुली हसायच्या थांबल्या होत्या, तू काय बोलतेस ते ऐकायला. मी हापशापाशी उभी होते, तुझ्यापासून वीस पावलांवर. तू दोनदा माझं नाव घेतलंस आणि मग हात दुखतोय म्हणालीस. एका मुलीने मला विचारलं, ही बाई कुणाला बोलावतेय गं? मी म्हटलं, कुणास ठाऊक. मला सगळं ऐकू आलं होतं.