गुडघे बाहेर!

आदरणीय वन्सं (हे पाकीट तुझ्या सुनेच्या हाती पडलं तर शोभावं म्हणून),
आणि माझे लाडके बेडके (हे खरं),

शाळेतला तो पहिला आठवडा आठवतो का गं तुला? पट्टी सिस्टर लाकडी पट्टी घेऊन बाकांमधून फिरत होत्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "नीज, गर्ल्स, नीज!" आपण दोघी मराठी घरातून उचलून थेट कॉन्व्हेंटच्या बाकावर आणून ठेवलेल्या. मी घाबरून भिंतीकडे बघत राहिले, पण तू पहिल्यापासून आज्ञाधारक. सकाळी सकाळी झोपायला सांगतायत म्हणजे शाळा चांगली दिसते, असं पुटपुटून तू बाकावर डोकं टेकलंस आणि डोळे मिटलेस. पट्टी टक्कन गुडघ्यावर बसली तेव्हा कळलं की सिस्टरना आपली नीज नको होती, गुडघे जवळ हवे होते. माझे लगेच जवळ आले आणि जन्मभर तसेच राहिले. तुझे काही आले नाहीत. मधल्या सुट्टीत मागच्या पायऱ्यांवर तू दोन्ही गुडघे दोन दिशांना टाकून संत्रं सोलायचीस, अर्धं मला द्यायचीस, म्हणून तू बेडकी. पुढे मी तुझ्याच भावाच्या गळ्यात माळ घातली आणि "आता वन्सं म्हणायचं, अहो म्हणायचं" असं सासूबाईंनी बजावलं. चारचौघांत म्हटलंही. पण स्वयंपाकघराचं दार लोटलं की बेडकी ती बेडकीच.

असो. तुझा गुडघा कसा आहे? झोप लागते का? सूनबाई अजून पंखा एकवरच ठेवते का? फोनवर हे विचारता येत नाही, कारण ती स्पीकर लावते आणि तू "सगळं छान आहे हो" असं वर्गात बाई आल्यासारखं बोलतेस. मागच्या फोनवर मात्र तू एक वाक्य खरं बोललीस. "आता तुझ्याकडे येणं काही व्हायचं नाही. तीन जिने, आणि बॅग कोण वर आणणार? दादा होता तोवर ठीक होतं." मी त्यावर काही बोलले नाही. आताही बोलणार नाही. हे पत्र त्याबद्दल नाहीच. हे पत्र माझ्या व्यायामाबद्दल आहे.

झालं असं, की आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाडांचे फोटो उजेडात धरले आणि म्हणाल्या, "वजन उचला." मला वाटलं, त्या जीभ घसरून बोलल्या. पन्नाशी उलटल्यापासून जो तो मला "वजन उचलू नकोस" हेच सांगत आलाय. मी म्हटलं, मी रोज चालते की. तर म्हणाल्या, "चालणं म्हणजे हाडांशी नुसत्या गप्पा. त्यांना काहीतरी काम द्या." त्याच आठवड्यात माझा वाढदिवस होता आणि तुझ्या भाच्याने मला रंगीत कागदात गुंडाळून एक घडीची काठी दिली. (मला छत्री वाटली. उघडायला गेले तर ती वाढतच गेली.) पोराचं प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही, पण काठी कपाटामागे टाकली आणि दुसऱ्या दिवशी वजनं उचलायला नाव घातलं.

ही व्यायामशाळा लाँड्रीच्या वर आहे. खालून इस्त्रीची वाफ आणि वरून गाण्यांची धडधड, यांच्यामध्ये आम्ही. चारी भिंतींना आरसे, त्यामुळे आपण एकटेच चुकतोय असं वाटत नाही, सगळीकडून चुकताना दिसतो. पहिल्या दिवशी कोचबाई दुसऱ्या कुणात गुंतल्या होत्या, म्हणून मी शेजारच्या मुलीचं बघून सुरुवात केली. तिने उचललं ते मी उचललं. तिने डोक्यावर नेलं, मी नेलं. (आपल्या वर्गात बघून लिहायची कला मला तूच शिकवलीस.) रात्री काही वाटलं नाही. सकाळी कुडता अर्धा अंगातून काढला आणि हात वरच राहिले. कुडता ना वर, ना खाली. तोंड आत, हात बाहेर, अशा अवस्थेत मी कोपराने दाराची कडी काढली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणबाईंना हाका मारल्या. त्या धावत वर आल्या, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि धंदेवाईक आवाजात म्हणाल्या, "काखेत उसवू, की मागून?" शेवटी न उसवता त्यांनी मला अभ्र्यातून उशी काढावी तशी बाहेर काढली.

कोचबाई मला काकू म्हणतात. स्वतः चाळिशीच्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी मला समोर उभं केलं.

"काकू, ती पोरगी पंचवीस वर्षांची आहे."

"मीही होते."

"कधी?"

मग त्यांनी माझ्यासाठी सगळं नव्याने बेतलं. वजन हलकं, पण उचलायचं सावकाश आणि ठेवायचं त्याहून सावकाश. एक दिवस व्यायाम, दुसऱ्या दिवशी आराम. खांद्यावर लोखंडी दांडा नाही, दोन हातांत दोन डंबेल. श्वास कोंडून धरायचा नाही, नाहीतर रक्तदाब आपल्याआधी उठतो. आणि मागे एक स्टूल ठेवून बसा-उठा. आता हे बसणं कसं, तर त्या हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काकू, कमोडवर बसल्यासारखं बसा, पण टेकू नका!" मी कॉन्व्हेंटची मुलगी. कमोड हा शब्द आरशांतून चहूबाजूंनी परत आला. तरी बसायला लागले, आणि अर्ध्यावर असताना त्या ओरडल्या, "नीज, काकू, नीज! गुडघे बाहेर!"

नीज ऐकलं आणि माझे दोन्ही गुडघे पुस्तक मिटावं तसे फट्‌कन जवळ आले. मी स्टुलाच्या बाजूला जमिनीवर. पुन्हा उठले, पुन्हा "नीज!", पुन्हा फट्‌. कोचबाईंना वाटलं, मी मुद्दाम करते. त्यांना काय सांगू, की पट्टी सिस्टर देवाघरी गेल्या पण माझ्या गुडघ्यांना कुणी कळवलेलं नाही? मग त्यांनी एक रबराची पट्टी आणली, मांड्यांभोवती चढवली आणि म्हणाल्या, "आता हिला बाहेर ढकला." बघ हं, एका पट्टीने जे जन्मभर जवळ बांधलं ते दुसऱ्या पट्टीने सोडवायचं! तरी जमेना. शेवटी मी डोळे मिटले आणि त्या मागच्या पायऱ्या आठवल्या. उन्हात तू, मांडीवर संत्र्याची सालं, दोन गुडघे दोन गावांना. तशी बसायला गेले आणि बसलेच की! पाठ सरळ, टाचा जमिनीला, आणि उठलेसुद्धा, हात कुठेही न टेकता. कोचबाई म्हणाल्या, "अस्संच! आता कसं जमलं?" मी म्हटलं, "बेडकी केली." तेव्हापासून आमच्या वेळेच्या सगळ्या बायका त्या व्यायामाला बेडकीच म्हणतात. "काकू, बेडक्या झाल्या का?" म्हणजे बघ, बरोबर तूच बसत होतीस. पट्टी मात्र तू खाल्लीस.

मी आकडेही मोजत नाही. वर्गाची हजेरी घेते. चष्मिश, लांबवेणी, रडूबाई, डाव्या हाताची... बरोबर तुझ्या आधी दम संपतो. कोचबाई म्हणतात, थांबा काकू. पण मग तुझी गैरहजेरी लागेल ना, म्हणून आणखी एक उचलते.

आता तर मी जमिनीवरून दांडाही उचलते. त्याला डेडलिफ्ट म्हणतात. हौसेने तुझ्या भाच्याला फोनवर सांगितलं, "आज मी डेडलिफ्ट केली." तो म्हणाला, "आई, आपल्या इमारतीत लिफ्टच नाही, बंद कशी पडेल?" मी म्हटलं, अरे, मीच लिफ्ट आहे.

ते मात्र मी सिद्ध करून बसले. दादा गेला तेव्हा तू घाईघाईत खांद्यावरची पिशवी घेऊन परत गेलीस आणि तुझी ती चाक मोडलेली तपकिरी बॅग इथेच राहिली. तिच्यात तुझ्या दादाची रेडिओ-दुरुस्तीची मासिकं भरली (टाकवत नाहीत, निदान उपयोगी पडू देत) आणि आरामाचे दिवस सोडून ती घेऊन खाली जाते आणि वर येते. शिवणबाईंच्या खिडकीतून जिना दिसतो. त्यांनी बघितलं की म्हातारी बॅग घेऊन निघते, फाटकापर्यंत जाते, थोडी उभी राहते आणि लाल तोंडाने परत येते. एक दिवस गेला की पुन्हा. त्यांनी तुझ्या भाच्याला कळवलं, "तुमची आई दिवसाआड घर सोडून जाते आणि दिवसाआड तिला पश्चात्ताप होतो." तो ऑफिस टाकून आला. मला पहिल्याच जिन्यावर गाठलं.

"आई, कुठे निघालीस?"

"खाली."

"आणि मग?"

"वर."

बिचारा पायरीवर बसला. म्हणाला, "माझं काही चुकलं का?" मी बॅग त्याच्या हातात दिली. त्याने उचलली, वाकडा झाला आणि म्हणाला, "काय दगड भरलेत का?" बेडके, अगदी तोच सूर. तू आलीस की खालच्या पायरीपासून तुझा दादा हेच म्हणायचा ना? मग मी बॅग परत घेतली आणि मीच वर आणली.

तर अशी मी ठणठणीत आहे. तू औषधं वेळेवर घे, पंखा दोनवर ठेवायला सांग.

तुझी वहिनी (पाकिटापुरती),
तुझी बाकावरची शेजारीण

ता. क. बढाई फार झाली. दुसऱ्या मजल्यावर मी बसते. शिवणबाईंनी तिथे स्टूल ठेवलंय. दुसरंही ठेवायला सांगितलंय. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

ता. क. २. हे पत्र त्याबद्दलच आहे. बॅग कोण वर आणणार म्हणतेस, अगं, तुझी बॅग दोन वर्षं वरच आहे. आता फक्त बॅगवालीला आणायचंय, आणि तिला उचलायला कोचबाई मला अजून परवानगी देत नाहीत. तेव्हा तेवढी तू चढ. एक जिना, बसायचं. दुसरा जिना, बसायचं. दादा गेला म्हणून तुझं माहेर तळमजल्यावर आलेलं नाही आणि बंदही झालेलं नाही. आणि खरं सांगू? बॅग घेऊन फाटकाशी उभी राहते तेव्हा रस्त्याकडे बघत असते.

ता. क. ३. सोबतच्या पार्सलमधलं कुणाला काय, ते नीट वाच. घडीची काठी तुझ्या मुलाला, माळ्यावरचं काढायला. माझे दोन्ही नी-कॅप तुझ्या व्याह्यांना, निदान आता तरी ते प्रत्येक लग्नात स्वतःच्या गुडघ्यांचं वर्णन थांबवतील. गुलाबी डंबेल नातीला, दाराला अडसर म्हणून वापरणार नाही या अटीवर. रबरी पट्टी सूनबाईला, स्पीकरचं बटण दाबणाऱ्या बोटापासून सुरुवात करू दे. लाल दोऱ्यातली लॅचची किल्ली दादाची आहे, ती तुला, दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही. आणि खिडकीकडची खाटही तुला, ती पार्सलमध्ये मावली नाही, इथे येऊनच घ्यावी लागेल. चादर घातली आहे. आलीस की कुणाशी काही बोलू नकोस. गुडघे हवे तिकडे टाक, आणि आधी नीज.