आयेच्या रेकॉर्डसाठी आर्म

दि. ६ एप्रिल
गव्हाणला दादाकडे गेलो होतो. आयेची रेकॉर्ड घेऊन आलो. तरुणपणी गावच्या धवलारणींबरोबर मुंबईला जाऊन तिने लग्नाचे धवले गायले होते. घरात ही एकच तबकडी उरलीय. दादाच्या राकेशने बहिणीच्या, प्रीतीच्या हळदीत वाजवायला म्हणून बाजारातून पेटीसारखं मशीन आणलं. त्याचा सुई धरणारा आर्म म्हणजे नांगर. पहिला धवला एकदा वाजला आणि सोलून निघाला. तिथे आता आये नाही, नुसती खरखर.
मी सगळ्यांदेखत बोललो, “तान्ह्या पोराला कडबा भरवलास रे.” राकेशने गळपट्टी धरली, भिंतीवर आपटलं. दादाने सोडवलं. अजून पाठ ठणकतेय.
दादा म्हणाला, “तूच कर काय ते. पन यानी वाजवली ती वाजवली, आता मांडवाबायेर वाजवायची नाय. लगीन नसता धवला म्हटला तर घरावर येतो.”
म्हणजे चाचणी नाही. पहिल्यांदा वाजेल ती थेट हळदीत.

दि. ९ एप्रिल
तबकडी फिरवणारं जुनं मशीन आहे. त्यावर सुई धरणारा आर्म घरीच करायचा. उरणच्या दोस्ताने मोडक्या गळाच्या काठीचा तुकडा दिला. हलका, पोकळ, ताठ. खाली बॉलपेनचं टोक, ते पितळेच्या खळग्यात टेकवायचं. सगळा आर्म त्या एका टोकावर तोललेला. मागे पितळेचं वजन. पुस्तकात नाही कुठे, डोक्यातून काढलंय.
वजनाला भोक पाडताना ड्रिल फुटलं. तुकडा गालात घुसला. बायकोने, शेवंतीने चिमट्याने काढला. “अजून वर लागला असता तर आयेला ऐकायला थेट तिकडंच गेला असता.” रक्त थांबेना, हळद दाबली.

दि. १४ एप्रिल
भंगारातल्या एका भजनाच्या रेकॉर्डवर चाचणी. आर्म दाव्याला हिसके देणाऱ्या गोऱ्ह्यासारखा. उडी मारून थेट मधे. भजनाच्या छातीवर ओरखडा. आयेची असती तर?
सुईचा भार मोजायला सोनाराच्या गुंजा घेतल्या. छोट्या तराजूच्या एका बाजूला सुई टेकवायची, दुसऱ्या बाजूला गुंजा. भार जास्त तर नांगरते, कमी तर नाचते. संध्याकाळी बाई अख्खं भजन गायली. शे. दारात उभी राहून ऐकत होती.

दि. १७ एप्रिल
राकेश आला. त्याला आळीतल्या कुणीतरी सांगितलं, माझ्या घरात बाई गाते.
“पोरीचं लगीन व्हायचंय आन तू आदीच वाजवतंस?”
भजनाची रेकॉर्ड दाखवली. बघितली नाही. कानशिलात मारली, चष्मा गेला. आर्म उचलून जमिनीवर टाकला आणि बुटाने चिरडला. सावकाश, झुरळ चिरडावं तसा. मी हात उचलला नाही. शे. मासळीची विळी घेऊन आली. “आता पाय उचल, नायतर पाय ठेवून जा.” तेव्हा गेला.
आयेची तबकडी कपाटात होती. सुई वाचली.

दि. २२ एप्रिल
दुसरा आर्म. रागात केला, पण पहिल्याहून सरस. वजन खाली ओळंबलं, आता आर्म एका अंगावर लोळत नाही. कानस मारताना प्रत्येक घाव राकेशच्या

नको.

दि. २५ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय. राकेश एकटाच आला, प्यालेला. “रेकॉर्ड दे. माजी आजी हाय ती. मना तिनी वाढवला, तू कवा होतास?” खरं आहे. मी तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करत होतो. कपाटाकडे गेला, तबकडीचं पाकीट बाहेर ओढलं, मी मनगट धरलं. त्याने माझा उजवा अंगठा उलटा पिरगळला. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज.
लोखंडी पाना हाताशी होता. डोक्यात घातला. तो बसला. पुन्हा घातला.
पहिला घाव अंगठ्याचा म्हणता येईल. दुसरा कशाचा?
शे.ने पदर फाडून त्याचं डोकं बांधलं, एकाच रिक्षातून दोघांना दवाखान्यात नेलं. वाटेत दोघांनाही सारख्याच शिव्या. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. लहानपणी जत्रेतून येताना असायचं तसं.

दि. २७ एप्रिल
दादा आला. राकेशने डॉक्टरला सांगितलं, मोरीत पडलो. मी सांगितलं होतं, अंगठा मशीनमधे सापडला. दादा म्हणे, “दोगंपन खोटं बोलाला एकाच आयेकडं शिकलाव.” चहा घेतला नाही. उठताना म्हणाला, “हलदीला ये. त्याच्याजवल जाऊ नको.”
आर्म वर-खाली करायची कळ बसवायची होती, राहिली. अंगठा प्लास्टरमधे. आता बोटांनीच ठेवावा लागेल.

दि. ३० एप्रिल, गव्हाण
मांडवात बसून लिहितोय. मशीन टेबलावर, पाणसळ लावून सपाट केलंय. गुंजांनी भार पुन्हा मोजला. बायका हळद दळतायत, त्या उठल्या की वाजवायचं.
भजनाच्या रेकॉर्डवर आर्म डाव्या हाताने ठेवून बघितला. सुई दोनदा आपटली. शे.ला ठेवायला सांगितलं, ती म्हणे, “मोतीबिंदूनं मना ताटातलं मीठ दिसत नाय.” प्रीती पाटावर बसलीय. तिने डीजेवाल्याला सकाळीच परत पाठवलं. “आजी नाय तर हलद नाय,” म्हणाली.
राकेश समोर होता, डोक्याला पट्टी. माझी सुई आपटताना बघत होता. मग उठला. दादाही उठला. राकेश टेबलाशी आला, भजनाच्या रेकॉर्डवर माझा आर्म चिमटीत धरला आणि ठेवला. आवाज न करता. पिसासारखा. उचलला, पुन्हा ठेवला. तसाच.
“मी ठेवतंव,” म्हणाला. माझ्याकडे न बघता.
प्याला नाहीये, वास घेतला. हात माझ्यापेक्षा स्थिर. पण हात तोच.
आयेची तबकडी माझ्या मांडीवर आहे, अजून पाकिटातच. पाकिटावर त्याच्या रक्ताचा डाग. तो हात पुढे करून उभा आहे. जात्याची घरघर थांबली