पेशी उपाशी, पाहुणे तुपाशी

३ नोव्हेंबर, सोमवार
अक्षता जेवत नाही धड. नात माझी. अंधेरीच्या लॅबमध्ये औषध करते. म्हणजे ती नाही, चिनी उंदराच्या पेशी करतात. त्यांच्या पोटात औषधाची कृती घातलीय, माणसाकडून घेतलेली. दर तीन दिवसांनी थोड्या पेशी काढून ताज्या खाण्यात सोडायच्या. पहिल्या पिढीचं औषध शंभर धरलं, तर साठाव्या पिढीलाही सत्तर तरी निघालं पाहिजे, नाहीतर पेशी रद्द, प्रोजेक्ट बंद. आज अडतिसावी पिढी. आकडा अठ्ठ्याऐंशी. घसरतोय.
ठरवलं, यात आपण लक्ष घालायचं. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं एकच विरजण चालवतेय.

९ नोव्हेंबर, रविवार
एक्याऐंशी. काही पेशी म्हणे औषध करायचं सोडतात, नुसत्या खातात, वाढतात आणि कामाच्यांना मागे टाकतात. विचारलं, त्या दुसऱ्या घराण्यातल्या का? नाही म्हणाली, सगळी एकाच पेशीची लेकरं.
यात नवल काय? मला दोन मुलगे आहेत.
सुनेनं, पद्मजानं, पातेलं आपटलं. तिचा नवरा धाकटा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
एकोणऐंशी. दोनदा मोजलं, तेवढाच. आता धरलं म्हणाली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. माझ्या लक्ष घालण्याचा गुण.
उद्या दुपारी पार्ल्याचे पाहुणे, कांदेपोह्यांना. अक्षता म्हणते, उद्या पेशींचा दिवस. मी म्हटलं, पाहुणे उठायच्या आधी मुलगी उठत नसते. खूप घासाघीस झाली. शेवटी तिनं लॅबमधल्या शेजारच्या टेबलावरच्या सर्वेशला काम सांगितलं. तो फोन करून विचारून घेईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पाहुणे झकास. मुलगा विमा कंपनीत. आई कमी बोलते, ते एक बरं.
अक्षताचा फोन स्वयंपाकघरात होता. वाजला. सर्वेश. कुठल्या बाटलीतून काढू, विचारत होता. डाव लगेच कळला. अडीच महिने राबली आमची पोर, आणि शेवटी हात याचा लागणार, नाव याचं होणार. म्हटलं, हात लावू नकोस रे, अक्षता स्वतः येतेय. बरं आजी, म्हणाला. गरीब आहे.
तिला सांगितलं नाही. पाहुण्यांसमोरून उठली असती. संध्याकाळी तिनं विचारलं, सर्वेशचा फोन आला होता? आला होता, सगळं सांगितलं त्याला, म्हटलं. यात खोटं काय?
एक दिवस दूध घातलं नाही म्हणून विरजण मरत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी दहा
अक्षताचा लॅबमधून फोन. आवाज बारीक.
"आजी, सर्वेशला नक्की काय सांगितलंस तू?"
सांगितलं. फोन चालूच. मागे कुठलंसं मशीन एकसारखं वाजत होतं. कोणी बंद का करत नव्हतं कोण जाणे. मग फोनच बंद.

दुपारी
निम्म्याहून जास्त पेशी मेल्या. उरलेल्यांचा आकडा कोणी धरणार नाही. जुन्या पेशी गोठवून ठेवल्यात, म्हणजे काही बिघडलं नाही. पद्मजा म्हणते, पण मोजणी पुन्हा पहिल्या पिढीपासून, आणि कंपनीला रिपोर्ट डिसेंबरात हवा. पद्मजाला काय कळतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार
साहेब सर्वेशला काढणार होते. अक्षतानं सांगितलं, चूक माझी. प्रोजेक्ट बंद, ही घरी. गप्प बसायची अक्कल नाही. माझ्यावर गेलेली नाही.
एका अर्थी बरंच. लग्नाच्या तयारीला वेळ मिळेल.
माझ्याशी बोलत नाहीय. बोलेल दोन दिवसांत.

२३ नोव्हेंबर, रविवार
पार्ल्याहून फोन. मुलाची आई आज पहिल्यांदाच भरपूर बोलली. मुलगी पसंत होती, अगदी तारीख काढणार होते. पण नोकरी सुटल्याचं कानावर आलं. मुलाला नोकरीवालीच हवी.
अक्षता दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. आत गेली, माझं पान वाढून आणलं, पुढ्यात ठेवलं.
आमटीत मीठ नव्हतं. जेवले.