सोळा पानांचं इंग्रजी

प्रिय ढब्बू,

एवढा साहेब झालास, तरी माझ्यासाठी ढब्बूच. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकीट न फोडता फेकलंस तर माझ्याशी गाठ आहे.

काल बाबांची बाइंडिंगची खोली आवरली. खळीचा डबा वाळून दगड झालाय, दाभणांना गंज चढलाय. कपाटाच्या तळाशी ती सोळा पानं सापडली. इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश बांधायला आला होता, बाबांच्या हातून त्याचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा छापील ताव, उलटा दुमडला गेला, वाया गेला नि घरी आला. त्यात नेमकं पैशाचंच प्रकरण! इंग्रजीचा बाकी गंध नाही, पण श्रीमंतीचं इंग्रजी आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. रोज जेवताना बाबा एक म्हणायचे. बाजारातून आल्यावर आई पिशवी आपटून 'आर्म अँड अ लेग' म्हणायची, म्हणजे एवढी महागाई की एक हात नि एक पाय देऊन आले. तू नवे बूट मागितलेस की बाबा 'मेड ऑफ मनी?', मी काय पैशांचा बनलोय, म्हणत स्वतःचे रिकामे खिसे उलटे करून दाखवायचे आणि तू रडता रडता हसायचास. आठवड्याभरात बूट यायचेच.

तुझ्या ऑफिसच्या समारंभासाठी बाबांनी आठ दिवस आरशासमोर एकच वाक्य घोकलं होतं. तुझ्या साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, 'माय सन, वर्थ हिज वेट इन गोल्ड.' पोराच्या वजनाइतकं सोनं समोर ठेवलं तरी पोरगाच मोलाचा, एवढंच. आजूबाजूचे हसले. तू मान खाली घातलीस, बाबांचा दंड धरून त्यांना जिन्यापर्यंत नेलंस आणि म्हणालास, इथे तरी इंग्रजी नको, लाज वाटते. मी मागेच उभी होते. तोंडातून ब्र काढला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर चार वर्षं बाबा जेवताना एकही वाक्प्रचार बोलले नाहीत. तुलाही ते आतून खातंय, म्हणूनच घरचा फोन टाळतोस, हे काय मला कळत नाही?

आता मुद्द्याचं. महिन्यापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाणी मागता येत नाही, मला हाक मारता येत नाही. डॉक्टर म्हणतात, कधीकधी खूप घोकलेलं तेवढंच मागे उरतं. बाबांकडे एकच वाक्य उरलंय. तहान लागली तरी तेच, दुखलं तरी तेच. 'माय सन'पासून 'गोल्ड'पर्यंत पुरं म्हणतात आणि दाराकडे बघत राहतात. परवापासून शेवटचा शब्द अडखळायला लागलाय. तो जायच्या आत ये. त्यांच्यासमोर बस, आणि ते म्हणतील तेव्हा या वेळी मान खाली घालू नकोस.

दाराची कडी न लावता बसलेली,
तुझीच
ताई