सत्तरचा काटा

ता. १, शुक्रवार

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी इलाज थांबवला आहे. महिनाभर, फार तर सहा आठवडे, असं म्हणाले. हिला ते त्यांनीच सांगितलं. बाहेर येऊन ही एवढंच म्हणाली, की अक्काकडे जायचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तुम्ही हलू शकत नाही, तेव्हा आम्हीच येतो.

हिला तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही, म्हणून रेल्वे नको. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, तिथे पोचेपर्यंत तरी मला जिवंत माणसासारखं जाऊ द्या. शेवटी डेपोतल्या जुन्या फिटरचा ट्रेलर मागून आणला. गाडीमागे जोडायची दोन चाकांची खोलीच ती. आत पलंग, बेसिन, शेगडी, पडदे. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, हा नियम आहे आणि तो मी मोडणार नाही. दिवसातून दोनदा तासभर ही माझ्याशेजारी बसेल. बाकी वेळ गाडी उभी करू, ही मागे पडून राहील.

वेग सत्तर. त्याच्या वर नाही. मागे नऊशे किलो असले की ऐंशीनंतर मागचं धूड पुढच्याचं ऐकेनासं होतं. वारा, उतार, शेजारून गेलेला ट्रक, काहीही पुरतं. चौतीस वर्षं बस चालवली, पण बसला शेपूट नव्हतं. अकराशे किलोमीटरला नऊ दिवस धरले आहेत. मंगळवारी निघतो, तेरा तारखेला बुधवारी पोचतो. ही म्हणते, गोगलगायसुद्धा घर पाठीवर घेऊन निघते, पण ती निदान तारीख सांगत नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. वाटेतल्या टपाल कचेऱ्यांची यादी सोबत आहे, तिथे लिहावं.

आजवर लावलात तसा जीव लावत राहावं.

आपला,
धाकटीचा नवरा


ता. ४, सोमवार

रा. रा. ड्रायव्हरसाहेब यांस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, म्हणून बरं वाटलं.

खिडकीची खोली रिकामी करून घेतली. शिवणयंत्र बाहेर काढवलं. दोन पलंग समोरासमोर लावले आहेत, शेजारी नाही. धाकटीचं बोलणं मला तिच्या तोंडाकडे बघून कळतं. दुसऱ्या कुणाचं कळत नाही. माणसं माझ्याशी ओरडून बोलतात आणि मी मान डोलावते. गेली अकरा वर्षं मी कुणाशी खरं बोललेले नाही. ती बोलती आहे तोवर मला ती समोर हवी.

आणि तुम्ही म्हणता नऊ दिवस! शेजारणीचा भाचा दीड दिवसात येतो. स्वतःच्या लग्नालाही तुम्ही अर्धा तास उशिरा आलात आणि वाटेत शाळा सुटली होती असं सांगितलंत. बाबा म्हणाले, जावई सावध आहे. आई म्हणाली, आळशी आहे. मी बाबांच्या बाजूची होते. आज आईच्या बाजूला जावंसं वाटतं.

रागावू नका. म्हातारीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, पण ऐकायचं असतं.

तुमची,
अक्का


ता. ७, गुरुवार

ती. अक्कास,
सा. न.

हे पाणी भरायला गेलेत तेवढ्यात लिहिते. अक्षर हललं तर समजून घे, ट्रेलर उभाच आहे, मी हलते.

ह्यांच्या मागे घाईचा तगादा लावू नकोस. चौतीस वर्षं मी ह्यांची पाठ बघितली. पहाटे जाताना पाठ, आल्यावर झोपताना पाठ. आता दोन तास शेजारी बसते. हे फारसं बोलत नाहीत. सत्तरच्या वेगात दुकानांच्या पाट्या पूर्ण वाचता येतात. काल एका पाटीवर आधी भाव होता आणि मग वस्तूचं नाव, तर हे अर्धा किलोमीटर हसत होते. हसताना ह्यांचा वरचा दात दिसतो, ते मी विसरले होते.

दुखणं वाढलंय. कालपासून गोळीचा उपयोग होत नाही. ते ह्यांना सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, बरी आहे. सांगितलं तर हे जोरात हाकतील, आणि मग मला दिवसभर ह्यांची भीती बघत बसावं लागेल. तूही सांगू नकोस. तुला सांगितलं ते कुणाला तरी सांगायला हवं म्हणून.

मला तुझ्याकडे यायचंय. पण पोचले की आडवी होणार आणि पुन्हा उठणार नाही, हेही मला कळतं. म्हणून नऊ दिवस मला जास्त वाटत नाहीत.

माझ्यावर आहे ती माया राहू दे.

तुझीच,
धाकटी


ता. ९, शनिवार

रा. रा. ड्रायव्हरसाहेब यांस,
अ. उ. आ.

धाकटीने सांगू नको म्हटलं आहे, तरी सांगते. ती बरी नाही. गोळी लागू पडत नाही आणि ती तुमच्यापासून लपवते. हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल. तिथून पुढे नव्वदने आलात तर एक दिवस वाचेल. मी कागदावर मांडून बघितलं.

एक दिवस तुम्हाला काहीच नसेल. मला आहे. आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

तुमची,
अक्का


ता. १२, मंगळवार

ती. अक्कांस,
सा. न.

ही जिवंत आहे, ते आधी लिहितो.

तुमचं पत्र काल टपाल कचेरीच्या खिडकीपाशीच वाचलं. हिला काही विचारलं नाही. गाडीत बसवलं आणि निघालो. ऐंशीला ट्रेलर शांत होता. नव्वदलाही होता. मला वाटलं, उगाच इतके दिवस भ्यायलो. पुढे लांब उतार लागला. शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे.

अशा वेळी काय करायचं ते फिटरने तीनदा बजावलं होतं. पाय काढून घ्यायचा, चाक सरळ धरायचं, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. मी ब्रेक दाबला.

ट्रेलर कुशीवर पडला, आकड्यातून सुटला आणि खड्ड्यात गेला. गाडी फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही. हिला ओरखडाही नाही. पण धक्क्याने रक्तदाब खाली गेला. इथल्या लहान इस्पितळात ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात, आता इथून हलवता येणार नाही. तुमचं घर साडेतीनशे किलोमीटर आहे. सत्तरने उद्या संध्याकाळी पोचलो असतो.

पोलिसांनी वेग विचारला. ब्याण्णव सांगितला, सही केली. शुद्धीवर आल्यावर हिनेही विचारलं, काटा कितीवर होता. मी सत्तर म्हणालो. ही म्हणाली, मग तुमचा काही दोष नाही.

तुम्ही मागितलंत, पण गाडी मी हाकत होतो. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नये.

आपला,
मेहुणा


ता. १४, गुरुवार

रा. रा. ड्रायव्हरसाहेब यांस,
अ. उ. आ.

मी येते. सोमवारी गाडी मिळते आहे, आडवं पडून येईन. आमचे डॉक्टर नको म्हणाले. मला ऐकू आलं नाही.

पुढचं तिला वाचून दाखवा.

धाकटे, पलंग समोरासमोर लावले होते, तसेच तिथेही लावून घेऊ. नर्स नाही म्हणाली तर मी तिथल्या तिथे पडेन, मग त्यांना मला दाखल करावंच लागेल. पाटीवरचा भाव काय होता ते लिहायला विसरलीस. तू सांगू नको म्हणालीस ते मी सांगितलं, मला क्षमा कर. सोमवारपर्यंत बोलती राहा.

दोघांवरही माझा जीव आहे.

अक्का


ता. १७, रविवार

ती. अक्कांस,
सा. न.

शेजारणीला फोनवर निरोप दिला, तो पोचला असेल. ही आज दुपारी सव्वाचारला गेली. उद्याची गाडी रद्द करावी.

तुमचं पत्र काल आलं. वाचून दाखवलं. तिथल्या तिथे पडण्याचं वाचल्यावर हसली. पलंगांचं पुन्हा वाचायला सांगितलं. क्षमा मागितल्याचं वाक्य मी दोन्ही वेळा गाळलं. तुम्ही सांगितलंत हे तिला कळू नये असं मला वाटलं. तुमच्यासाठी वाटलं की माझ्यासाठी, ते नक्की सांगता येत नाही.

मग तिने पत्र हातात मागितलं. चेहऱ्याशी धरून बराच वेळ पडून राहिली. वाचलं की नुसतं धरलं, मी विचारलं नाही. घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, अक्काच्या खोलीला खिडकी आहे ना, तुम्ही तिथे जाऊन राहा.

पाटीवर चाळीस रुपये, आणि खाली शिड्या, असं होतं.

आज सकाळी पोलिसांकडून गाडी सोडवून आणली. बाजूच्या जागेवर हिची शाल होती, ती काढायला तिथे बसलो. तिथून काटा स्वच्छ दिसतो.

शुक्रवारी बसने येतो. तुम्हाला माझं बोलणं कळत नाही, तर वही आणीन. तुम्हाला जे म्हणायचं असेल ते तोंडाने म्हणा, मला ऐकू येतं. त्यानंतरही लोभ उरला तर असू द्यावा.

आपला,
मेहुणा