माझ्या बाजूचे बारा स्क्रू

सोमवार, ४ मार्च
बिल्डर स्वतः वर्कशॉपवर आला! भुसा झटकून खुर्ची दिली. चहा नको म्हणाला — तेव्हाच ओळखलं, पाणी मुरतंय.

"मेस्त्री, दोन्ही इमारतींची सगळी दारं-खिडक्या तुम्हाला. फक्त एक सही."

कशावर? तर आमच्या प्रार्थनामंदिराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात बसणारे घुसखोर आहेत, असं मी लिहून द्यायचं. म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा, आणि त्याची मंडळी!

बोलणं संथ, पण पेनाचं टोपण उघड-मीट, उघड-मीट. विचार करतो म्हणालो.

मंगळवार, ५ मार्च
केला विचार. आधी दादा बाहेर, मग वादातली जागा म्हणून मी बाहेर, मग तिथे दुकानं. मी सुतार आहे, ओंडका नाही!

बुधवार, ६ मार्च
ही म्हणाली, "अकरा वर्षं सख्ख्या भावाशी बोलला नाहीत. आता कुठला पुळका?"

खरंय. बाप्तिस्मा बुडवून की शिंपडून, यावरून मंडळी फुटली. इकडचा कारभारी मी, तिकडचा दादा. मधली प्लायची भिंत आम्ही दोघांनीच उभारली, एक शब्द न बोलता. बारा स्क्रू मी माझ्या बाजूने पिळले, बारा त्याने त्याच्या. दादानेच शिकवलेलं — कायमचं असेल त्याला खिळा, कधीतरी उघडायचं असेल त्याला स्क्रू. त्या दिवशी खिळ्यांच्या डब्याला दोघांनीही हात लावला नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिलं.

शुक्रवार, ८ मार्च
बिल्डरचा फोन. "सही नसेल तर लाकूडही नाही. वखारवाला माझा साडू आहे, माहीत आहे ना?"

म्हटलं, "साहेब, हातगाडीवर स्टुलं विकून वर आलोय. गाडी अजून मागच्या अंगणात आहे. देवासमोर खोटं लिहिणार नाही. ठेवा फोन!"

आणि रंधा उचलला.

शनिवार, ९ मार्च
वखारीतून टेम्पो रिकामा परत. हिला सांगितलं. म्हणाली, "गाडीच्या चाकांना तेल घाला."

रविवार, १० मार्च
पलीकडे तेच गीत, आमच्यापुढे एक कडवं. खालचा सूर लागला की भिंत खुळखुळते — कित्येक वर्षं. दरवर्षी मी स्क्रू आवळतो, तरी थांबत नाही. लाकूड सुकलं असणार.

उपासना संपल्यावर उभा राहिलो. "भिंत आहे म्हणून दोन पक्ष, दोन पक्ष आहेत म्हणून बिल्डरचं फावतंय. पुढच्या रविवारी मी ती काढणार."

शिंपीकाका उसळले, "आणि बाप्तिस्म्याचं काय?"

"भांडू की, काका! पण एका खोलीत."

कोणीतरी हसलं. भिंतीपलीकडे मात्र अचानक शांतता. ऐकत होते लेकाचे!

रविवार, १७ मार्च
पहिल्या गीताआधीच स्क्रूड्रायव्हर लावला. बारावा निघायची वाटच पाहावी लागली नाही — पाचव्यालाच भिंत माझ्या अंगावर कलली. पलीकडून दादाने कड पकडून धरली. त्याच्या बाजूची बाराही भोकं रिकामी, आत जुनी धूळ दाटलेली.

दादा म्हणाला, "दरवर्षी आवळायचास ना? ऐकू यायचं."